पळणाऱ्या माणसाची सायकल जुळवून देणारं साताऱ्यातलं दुकान

साताऱ्यात सायकलची दुकानं कमी नाहीत. पण ड्युएथलॉनला, म्हणजे पळणं-सायकल-पळणं अशा शर्यतीला उतरायचंय, सायकल कुणाच्या हाती देऊ, असं कुणी विचारलं तर मी एकाच दुकानाचं नाव घेते. ते नाव इथे मात्र लिहीत नाही, कारण मालकांनी साफ नको म्हटलंय. "गर्दी झाली की आमचं पोरगं पिसाळतंय," असं त्यांचं म्हणणं. राजवाड्याकडून समर्थ मंदिराकडे जायला लागलं की एका गल्लीत आहे, एवढं सांगते. बाकी यवतेश्वरच्या घाटात सकाळी भेटेल त्या सायकलवाल्याला विचारा. चढावर असेल तर विचारू नका, आधी वर टेकू द्या.

दुकान दिसायला साधंच. बाहेर लहान मुलांच्या गुलाबी-निळ्या सायकली साखळीने एकमेकींना बांधलेल्या, वर टांगलेले टायर, दारात हवेचा कॉम्प्रेसर आणि पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं. गल्ल्यावर मालक काका. आत ट्यूबलाइटखाली स्टँडला लावलेल्या सायकलपाशी त्यांचा पुतण्या. तो काही वर्षं बाहेरगावी एका मोठ्या दुकानात काम करून परत आलेला, आणि बोलण्याचा भयंकर कंटाळा असलेला. "बघतो" आणि "परवा या" एवढ्यावर त्याचं भागतं. बोलायचं सगळं खातं काकांकडे आहे आणि ते ते मनापासून सांभाळतात.

काकांना ड्युएथलॉन हा प्रकार अजून पटलेला नाही. आधी पळायचं, मग सायकल, मग उतरून परत पळायचं, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आवो मॅडम, सायकल हाय तर पळायचं कशाला? आन् पळायचंच हाय तर सायकल कशाला?" यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पुतण्याने आतून, मान वर न करता, एवढंच विचारलं, "दुसरं पळणं किती?"

मला तोवर सायकलच्या दुकानात हे कुणी विचारलं नव्हतं. बजेट किती, कार्बन की ॲल्युमिनियम, ताशी किती जाता, हे सगळे विचारतात. ड्युएथलॉनचं खरं दुखणं मात्र सायकलवरून उतरल्यावर सुरू होतं. स्वित्झर्लंडमधल्या झोफिंगेनला १९८९ पासून लांब पल्ल्याची ड्युएथलॉन भरते. तिथे १० किलोमीटर पळणं, १५० किलोमीटर सायकल आणि वर ३० किलोमीटर पळणं असतं. म्हणजे दीडशे किलोमीटर पेडल मारून झाल्यावर मॅरेथॉनचा जवळजवळ पाऊण भाग अजून शिल्लक. मी नाव घातलं होतं ते मलेशियात पुत्रजयाला झालेल्या पॉवरमॅन नावाच्या ड्युएथलॉनमध्ये, १०-६०-१० किलोमीटर. आकडे लहान आहेत, पण घोळ तोच. पहिल्या पळण्याने मांड्या भरलेल्या, सायकलने कंबर आखडलेली, आणि शेवटच्या दहा किलोमीटरची पहिली काही मिनिटं पाय आपले वाटतच नाहीत. पाऊल आखूड पडतं, श्वास वेगळाच चालतो. सायकलवर ताणून मिळवलेली पाच मिनिटं तिथे दुपटीने परत करावी लागतात. त्यामुळे सायकल किती जोरात जाते हे बघणारा मेकॅनिक आमच्या अर्ध्याच उपयोगाचा. उतरल्यावर बाईला पळता येईल का, हे बघणारा पाहिजे.

माझी थोडी ओळख दिली तर बरं, नाहीतर कुणाला वाटेल कुणी पदकवाली बोलतेय. मी शाळेत गणित शिकवते. चाळिशीनंतर पळायला लागले. इथे हे काही नवल नाही, २०१२ पासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन चालू आहे आणि घरटी एक तरी माणूस यवतेश्वरच्या चढावर धापा टाकून आलेला असतो. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरने २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली, तेव्हापासून तर आमच्याकडे पळणाऱ्या बाईकडे कुणी वळून बघत नाही. सायकलवर, टाइट कपड्यांत, हेल्मेट घातलेल्या बाईकडे अजून बघतात. आणि सायकलच्या दुकानात तर तिच्याकडे सोडून सगळीकडे बघतात.

एका मोठ्या शहरातल्या चकचकीत दुकानात मी सायकल अंगाला जुळवून घ्यायला गेले होते. काचेचं दार, कॉफीचं मशीन, तीन बाजूंनी कॅमेरे. तिथला मुलगा प्रत्येक उत्तर माझ्या नवऱ्याला देत होता. माझा नवरा सायकलच्या वाटेला जात नाही, तो फक्त गाडी चालवून मला सोडायला आला होता. सीट फार टोचते असं मी म्हटल्यावर "मॅडमना होईल हळूहळू सवय" हेही त्यालाच सांगितलं गेलं. बिल तेवढं माझ्या हातात आलं. नाव लिहीत नाही, कारण असं एकच दुकान नाही.

आता इथलं ऐका. सीट टोचते म्हटल्यावर पुतण्याने कोपऱ्यातलं मुलांच्या सायकलचं रिकामं खोकं ओढलं, कटरने त्याचा वहीएवढा तुकडा कापला आणि आतल्या पायरीवर ठेवला. "यावर बसा. गुडघे जरा वर घ्या. दोन मिनिटं हलू नका." मग काकांना हाक मारून बाहेर बोलावलं आणि स्वतःही रस्त्यावर जाऊन उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून. मी पायरीवर पुठ्ठ्यावर बसलेली, समोर भिंतीला टांगलेले ब्रेकच्या वायरींचे वेटोळे, बाहेर काका कुणाला तरी सांगतायत की आत माप चाललंय. उठल्यावर पुठ्ठ्यावर काही दिसेना. त्याने खडू आडवा धरून वरून हलकेच फिरवला. पुठ्ठ्याच्या रेघा जिथे दबल्या होत्या तिथे खडू लागला नाही आणि दोन लंबगोल डाग उठून दिसले. दोन्ही डागांचे मध्य पेन्सिलने काढून व्हर्नियर लावला तर १२८ मिलिमीटर आले. बसायची हाडं एकमेकांपासून एवढी लांब, आणि माझी सीट १४३ मिलिमीटर रुंदीची. हाडांच्या बाहेर दोन्हीकडे सेंटीमीटरभर तरी आधार लागतो, म्हणजे हिशोब १४८ च्या पुढे जातो. "१५५ ची लागंल," तो म्हणाला. दुसऱ्या कुणाच्या सायकलची काढून ठेवलेली १५५ ची सीट त्याने घालून दिली आणि सांगितलं, "आठवडाभर चालवा. पटली तर नवी मागवू." इतकी वर्षं ज्याला सवय होईल म्हणत होते ते दुखणं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर निघालं. पटली, नवी मागवली.

सीटच्या उंचीची गंमत वेगळीच. भिंतीला टेकून अनवाणी उभं केलं, दोन पायांमध्ये काकांची खातेवही उभी धरायला लावली आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावली. ७४ सेंटीमीटर. याला ०.८८३ ने गुणलं की पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर येतं, हे सूत्र सायकलवाल्यांत जुनं आहे. तो मोबाइल काढेपर्यंत मी तोंडी सांगितलं, "पासष्ट पॉइंट तीन." त्याने मोबाइल परत खिशात टाकला. "पासष्ट ठेवतो."

"तीन मिलिमीटर कुठे गेले?"

"दुसऱ्या पळण्याला."

नंतर काकांनीच सविस्तर सांगितलं, कारण पुतण्याकडून तेवढीही वाक्यं निघाली नसती. सीट उंच राहिली की पाय खाली पुरवायला टाच वर होते, कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि मांडीची मागची शीर प्रत्येक फेऱ्याला ताणली जाते. साठ किलोमीटरमध्ये असे हजारो फेरे. नुसती सायकलची शर्यत असेल तर ते खपून जातं, कारण संपल्यावर माणूस खुर्चीत बसतो. आम्हाला उतरून बूट बदलून पळायचं असतं. सूत्र चुकीचं नाही, पण ते पळणाऱ्या माणसासाठी काढलेलं नाही. गणिताच्या बाईला हे ऐकून घ्यायला जरा जड गेलं.

गिअरवरून आमचं थोडं वाजलं. पुत्रजयाला घाट नाही, रस्ता वरखाली होतो तेवढाच. मग मागची ११-२८ दात्यांची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या, बदलून ११-३२ कशाला, असं माझं म्हणणं. "सराव कुठं करता?" त्याने विचारलं. कुठे करणार, बोगद्यापासून यवतेश्वर आणि पुढे कास. पठार साधारण १२०० मीटर उंचीवर आहे आणि साताऱ्याहून तिकडे सपाटीचा रस्ता कुणी बांधलेला नाही. पुढची चकती ३४ दात्यांची आणि मागची २८ ची असली की पेडलच्या एका फेऱ्याला चाक सव्वाच्या आतबाहेर फेरे घेतं. मागे ३२ घातली की जेमतेम एकाच्या वर. हा फरक कागदावर काहीच वाटत नाही, घाटातल्या वळणांवर गुडघ्याला विचारा. जड गिअर ढकलत चढलेल्या सरावानंतर दुसऱ्या दिवशी पळायचा सराव बुडतो, हा खरा मुद्दा होता आणि तो बरोबर निघाला. नुसती कॅसेट बदलून भागणार नव्हतं. माझ्या शिमानो १०५ गिअरचा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, आखूड पिंजऱ्याचा, कंपनी त्याला ३० दात्यांपर्यंतच परवानगी देते. पुष्कळ ठिकाणी "चालतंय की" म्हणून ३२ बसवून देतात. याने दिली नाही. मोठ्या पिंजऱ्याचा डिरेलर वापरलेला पण चांगला शोधून आणला आणि माझा जुना त्याच्या बदल्यात घेतला.

चेनचं माप घेतलं, अर्धा टक्का ताणली होती, बदलली. ब्रेकचे पॅड बदलले. मागच्या चाकाचा आऊट काढला, म्हणजे ते सरळ केलं. टायर २५ मिलिमीटरचे काढून २८ चे घातले आणि हवा ७० पीएसआयच्या आसपास ठेवायला सांगितली. आमच्या ग्रुपवरचे जाणकार ११० भरा म्हणतात. पंचावन्न किलोच्या बाईने ११० भरून कासच्या रस्त्यावर एकदा जाऊन यावं, दाताचं काम निघेल.

कासचा विषय आलाच आहे तर जाता जाता सांगते, फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी त्या रस्त्याला सायकल घालू नका. मोटारींची रांग लागलेली असते आणि निम्म्या लोकांचं लक्ष खिडकीतून बाहेर. त्या दिवसांत मी कोरेगावच्या बाजूला जाते, परत आल्यावर दारातच बूट बदलते आणि तशीच अर्धा तास पळते. सायकलनंतर लगेच पळायचा हा सराव आठवड्यातून एकदा झाला नाही तर बाकी सगळं केलेलं वाया जातं.

या दुकानाची दुसरी मोठी गोष्ट म्हणजे विमानासाठी सायकल बांधून देणं. म्हणजे बांधून देणं नव्हे. मी खोकं घेऊन गेले आणि म्हटलं, बांधून द्या. पुतण्याने ॲलन की माझ्या हातात दिल्या. "तिकडं कोण सोडणार? तुम्हीच करा, मी बघतो." मग दुकानाच्या मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांच्या साक्षीने, मी माझी सायकल सोडवली. आधी सीटच्या दांड्यावर फ्रेमच्या कडेला इन्शुलेशन टेपचा एक वेढा, म्हणजे तिकडे उंची परत मोजायला नको. मग पेडल. उजवं पेडल नेहमीसारखं सुटतं, डाव्याचे आटे उलटे. मी नेहमीच्या दिशेने जोर लावत होते आणि ते आणखी आवळत होतं, तेव्हाही तो काही बोलला नाही, फक्त बोटाने उलटी दिशा दाखवली. डिरेलर फ्रेमवरून सोडून बबलच्या कागदात गुंडाळून आत वळवला, कारण खोकं त्या बाजूने पडलं तर त्याचा हूक वाकतो आणि मग गिअर बसत नाहीत. पुढचा फोर्क दाबला जाऊ नये म्हणून टोकांमध्ये प्लास्टिकचा आडवा तुकडा, तो नव्या सायकलींबरोबर येतो आणि यांच्याकडे डबाभर पडलेला असतो. हँडल सोडून फ्रेमला समांतर बांधलं. टायरमधली हवा कमी केली. सगळं झाल्यावर त्याने खोक्यातून सगळं बाहेर काढायला लावलं आणि परत जोडायला लावलं. हँडल आणि सीटचे बोल्ट आवळताना टॉर्कचा, म्हणजे जोर मोजणारा पाना दिला, पाचावर टक्क वाजलं की थांबायचं. "हाताला लक्षात ठेवा, पाना तिकडं न्यायचा नाही." मग परत सोडा, परत भरा. मला संताप आला होता, खोटं कशाला बोलू.

खोक्यावर काकांनी स्वतः मार्करने ठळक लिहिलं, "ही बाजू वर". मराठीत. क्वालालंपूरला कोण वाचणार म्हटलं तर म्हणाले, "बाण काढलाय की." आणि आत, चाकांच्या मधल्या फटीत, कंदी पेढ्यांचा पुडा ठेवला. भाजून केलेला असल्याने कंदी पेढा दमट हवेतही दोन-चार दिवस टिकतो, आणि सायकलवर एनर्जी जेलपेक्षा मला तोच बरा वाटतो. हे माझं मत, आहारतज्ज्ञांनी रागावू नये.

पुत्रजयाला हॉटेलच्या खोलीत जमिनीवर टॉवेल अंथरून मी सायकल जोडली. टेपच्या खुणेवर सीट आली, डिरेलर बसला, गिअर पहिल्या झटक्यात पडले. माझ्या मजल्यावर एक गृहस्थ महागडी सायकल घेऊन पेडलशी झटापट करत बसले होते. त्यांना डाव्या आट्यांचं ज्ञान देऊन आले.

शर्यतीबद्दल थोडंच लिहिते, कारण हे दुकानाचं परीक्षण आहे. उजाडता उजाडता सुरुवात झाली तरी पहिल्या पळण्यातच बनियन पिळून निघेल इतका घाम. साताऱ्याच्या कोरड्या हवेत वाढलेल्या माणसाला ती हवा अंगावर ओली चादर टाकल्यासारखी वाटते. सायकल स्टँडवरून काढायच्या आधी हेल्मेटचा पट्टा लावलेला पाहिजे, परत अडकवेपर्यंत सोडायचा नाही. खुणेच्या रेषेच्या अलीकडे सायकलवर बसायचं नाही. पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवायचा नाही. हे नियम माहीत असूनही घाईत चुकतात, म्हणून घरी अंगणात करून बघा, शेजारी हसले तरी हरकत नाही. साठ किलोमीटरमध्ये चेन पडली नाही, सीटने त्रास दिला नाही, आणि उतरल्यावर मी पळाले. पहिला किलोमीटर लाकडाच्या पायांनी, पण चालत नाही, पळत. शेवटच्या टप्प्यात माझ्या वयोगटातल्या ज्या बायका सायकलवर मला मागे टाकून गेल्या होत्या त्यातल्या काही चालताना दिसल्या. ते तीन मिलिमीटर मला तिथे आठवले.

आता तक्रारी. या दुकानाला वेळेचं भान नाही. "परवा या" मधला परवा कॅलेंडरवर शोधू नका. कॅसेट, सीट, टायर असलं काही दुकानात नसतं, मागवावं लागतं आणि ते कधी येईल हे काका सांगत नाहीत. शर्यतीच्या आधी निदान महिनाभर सायकल नेऊन टाका. फोन उचलत नाहीत. खर्चाचा अंदाज विचारला तर "बघू की, तुमच्याकडनं काय जास्त घेतोय" हे उत्तर. बिल मागितलं तरच मिळतं. चिखलाने भरलेली सायकल नेली तर पुतण्या हात लावत नाही, धुऊन आणा म्हणतो, आणि धुवायची सोय तिथे नाही. हँडलची टेप तर तो चांगली गुंडाळतच नाही. माझी शर्यतीच्या आदल्या दिवशी टोकाला सुटली, हॉटेलवाल्यांकडून काळी टेप मागून घेऊन चिकटवली. परत आल्यावर सांगितलं तर सॉरी नाही, काही नाही. समोर बसून दोन्ही बाजूंची नव्याने गुंडाळली आणि पैसे घेतले नाहीत. ही दुसरीही फारशी बरी नाही.

चांगल्या सायकली विकत घ्यायच्या असतील तर इथे जाऊ नका, ठेवतच नाहीत. कॅमेरे लावून, संगणकावर सांध्यांचे कोन काढून हवे असतील तरी जाऊ नका. एरोबार, म्हणजे पुढे झुकून कोपरं टेकवायचे दांडे, लावून मिळतात, पण पुतण्याला ते आवडत नाहीत आणि तसं त्याच्या तोंडावर दिसतं. मुलांना सायकल घ्यायला मात्र काकांसारखा माणूस नाही, मूल पेडलवर बसवून बघितल्याशिवाय ते मोठी सायकल गळ्यात मारत नाहीत.

मजुरीचं म्हणाल तर पूर्ण सर्व्हिसिंगचे माझ्याकडून १२०० घेतले, सुटे भाग वेगळे. पुठ्ठ्याच्या मापाचे काही घेतले नाहीत. खोकं बांधायला शिकवायचे ३०० सांगितले, मी ५०० दिले तर २०० परत केले. सोमवारी बंद. दुपारी एक ते चार शटर अर्धं खाली असतं, तेव्हा हाक मारू नका. जूनमध्ये शाळा सुरू होताना आणि दिवाळीच्या आधी अजिबात जाऊ नका, सगळ्या गावातली पोरं तिथे असतात. पैसे काकांकडे द्यायचे, ऑनलाइन चालतात, पण स्पीकर बोलल्याशिवाय ते तुम्हाला सोडत नाहीत.